नर्सिंगचा निकाल ९४ टक्के: धरायचा का?

प्रश्न (परळ): बीएस्सी नर्सिंगच्या कोर्सचं मूल्यमापन करतोय. अंतिम निकाल ९४ टक्के दाखवलाय. पुरेसा मानावा?

ट्यूटर, सायन: आधी भाजक बघा. प्रवेश ६०, परीक्षेला ४८, पास ४५, झाले ९४ टक्के! प्रवेशावर मोजलं की ७५च. गळालेले १२ कुठल्या सेमिस्टरला गेले ते काढा.

वॉर्ड सिस्टर: लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्यांनी वॉर्डात केलेल्या कामांची सह्यांसकट नोंदवही, चाळा. एकाच पेनाने एका बैठकीत ठोकलेल्या सह्या लगेच ओळखू येतात. तारखा वॉर्डच्या ड्युटी रोस्टरशी जुळवा. पदवीआधी क्लिनिकलची (वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाची) हजेरी १०० टक्के लागते, त्यामुळे शेवटी घाईत भरायचा मोह होतो.

परीक्षक: ऑस्कीत, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, नुसती गुणांची बेरीज नको. कॅथेटर घालताना निर्जंतुकपणा मोडला, की ते स्टेशन नापास.