वर्ध्याला पाहुणे आले तर आधी कुठं न्यायचं?

सेलूकर: दिवाळीत पुण्याचे साडू आले होते. सेवाग्राम चाळीस मिनिटांत उरकलं अन् गाडी नागपूरला वळवली. लय वाईट वाटलं. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम झालं. बापूकुटीत सारवलेल्या जमिनीवर जरा बसलं, की मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं उठवलेली ताडाची झाडं दिसतात. घाईत नजर जातच नाही तिकडं. माझं मत: सकाळ सेवाग्रामला, दुपार पवनारला. बाकी काही नको.

हिंगणीचा शेतकरी: 'बाकी काही नको' हे मला पटत नाही भाऊ. पोरांच्या शाळेची सहल नेहमी सेवाग्रामलाच. बोरचं जंगल आपल्याच तालुक्यात आहे, 2014 ला व्याघ्र प्रकल्प झाला, तिकडं कोण नेतं? आमच्या तुरीत रानडुकरं घुसतात, रात्र रात्र मचाणावर बसून राखण करतो. त्याच जंगलातून गावच्या पोराला गाइड म्हणून, जिप्सीवर म्हणून चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठं? तुमचे साडू चाळीस मिनिटांत गेले. गावात चहा तरी प्यायले का?

सेलूकर: नाही प्यायले, तेही खरं. पण वाघ नाही दिसला की पाहुणा तोंड पाडून येतो. पवनारला असं होत नाही. धाम नदीच्या खडकावर बसायचं, वर विनोबांचा आश्रम. तिथली जमीन खणताना भरत-रामभेटीचं जुनं शिल्प निघालं, ते आश्रमातच बसवलंय. ते पाहून माणूस रिकाम्या हातानं परतत नाही.

रामनगरची लेक: तुम्ही दोघंही वर्धा शहर सोडूनच बोलताय! जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर 1928 मध्ये दलितांसाठी खुलं केलं. त्या दारात उभं राहून मी मुलीला ही गोष्ट सांगितली, तिनं घरी येऊन आजीला सांगितली. मगन संग्रहालयात तिनं चरखे पाहिले. एवढं सगळं एका दिवसात होतच नाही. अन् गोरसपाक, आपली वर्ध्याची बिस्किटं, घ्याल तर पुड्यात नको, डब्यात घ्या. एसटीच्या हादऱ्यानं पार चुरा होतो.

हिंगणीचा शेतकरी: एका दिवसात होत नाही ना ताई? म्हणजे मुक्काम आला. मग तो एक मुक्काम बोरच्या जंगलाजवळ, हिंगणीकडं होऊ द्या, सेवाग्राम दुसऱ्या दिवशी सकाळी. एवढंच माझं म्हणणं आहे.