५ एचपी मोटर जळाली: १२ पैकी ४च कॉइल-ग्रुप काळे कसे? आणि रोटरला वायर नसताना तो फिरतो कशावर?

भोसरीचा_फिटर
एमआयडीसीतल्या शॉपमधली कॉम्प्रेसरची मोटर. ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, १४४० आरपीएम, डेल्टा (तीन फेजच्या कॉइल त्रिकोणात जोडलेल्या), साधा डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू करणारा). उघडली तर स्टेटरमधल्या (बाहेरचा, न फिरणारा भाग) कॉइलच्या १२ ग्रुपपैकी ४ काळेठिक्कर, मध्ये दोन-दोन ग्रुप सोडून. बाकी ८ चं वार्निश अजून चकचकीत. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) १० अँपिअरवर होता, ट्रिप झाला नाही. रिवाइंडिंगवाले म्हणतात बेअरिंग जाम झालं असणार, पण रोटर हाताने मोकळा फिरतोय.
शिवाय हाताखालच्या पोराने विचारलं, रोटरला वायरच जात नाही, मग तो फिरतो कशावर? नीट सांगता आलं नाही.

स्लिप_चार_टक्के
आधी पोराचा प्रश्न. स्टेटरच्या खाचांत तीन फेजच्या कॉइल बसवलेल्या असतात. तिन्ही फेजचा करंट एकामागून एक चढतो-उतरतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र आतल्या आत गोल फिरतं. ४ पोल, ५० हर्ट्झला १५०० आरपीएम (१२० × ५० ÷ ४). रोटरच्या पत्र्यांच्या खाचांत अॅल्युमिनियमच्या सळया ओतलेल्या असतात, दोन्ही टोकांना रिंगने जोडलेल्या. क्षेत्र त्या सळयांना कापत जातं, त्यांत करंट तयार होतो आणि रोटर क्षेत्रामागे धावतो. गाठू मात्र शकत नाही. गाठलं तर कापणं थांबेल, करंट शून्य, जोर शून्य. म्हणून प्लेटवर १४४०: मागे पडलेले ६० म्हणजे ४ टक्के स्लिप.
पोराला सळया तिरक्या का, तेही दाखवा. सरळ असत्या तर रोटर-स्टेटरच्या खाचा एकमेकींसमोर अडकल्यासारख्या होतात आणि मोटर घुंऽऽ करते.

टाँगटेस्टर
बेअरिंग नाही. लोड जास्त झाला असता तर १२ च्या १२ ग्रुप सारखे भाजले असते. डेल्टात एक लाइन गेली की एका फेजवर थेट दोन लाइनचं व्होल्टेज राहतं, उरलेल्या दोन सिरीजमध्ये येतात. पहिलीतून लाइन करंटचा दोन तृतीयांश, दुसरीकडून एक तृतीयांश. ४ पोलच्या मोटरला प्रत्येक फेजचे ४ ग्रुप, म्हणून ४ काळे, ८ कोरे हे त्याचंच चित्र. स्टार (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र जोडलेली) असती तर उलट: ८ काळे, ४ कोरे.
रिले का झोपला? पाऊण लोडच्या आत चालताना एक फेज गेली तर लाइन करंट ८ च्या आसपास जातो. १० वरच्या रिलेला ते कमीच वाटतं. पण त्या एका फेजमधून ५.३ जातात, सोसायचे फक्त ४.३ (डेल्टात फेजचा करंट म्हणजे लाइनचा ÷ १.७३, इथे ७.५ ÷ १.७३). तापत-तापत जळते.

भोसरीचा_फिटर
पटलं. मग रिले किती ठेवायचा? आणि फेज गेली कुठे, हे कसं शोधू?

टाँगटेस्टर
डीओएल आहे, प्लेटवरच्या ७.५ वर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (आधी स्टार, मग डेल्टावर नेणारा) रिले फेजच्या वाटेत असता तर ४.३. नवा घेताना सिंगल फेजिंग प्रोटेक्शन (एक फेज गेली की बंद करणारं) असलेला घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. फेज शोधायला मोटर परत जोडण्याआधी कॉन्टॅक्टरचे (स्टार्टरमधला स्विच) टिप उघडून बघा. खड्डे पडलेले किंवा एक टिप काळी असेल तर तिथेच आहे. नंतर किटकॅट फ्यूज, मग टर्मिनल बॉक्समधल्या लग (वायरच्या टोकाच्या पट्ट्या). मोजमाप लोडवर घ्या, रिकाम्या मोटरवर सैल लग पकडत नाही.

वार्निश_वास
रिवाइंडिंगला देताना दोन गोष्टी बजावून सांगा. जुनी वाइंडिंग टॉर्चने जाळून काढू नका, पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर रिकामीही गरम होते. आणि रोटर घासल्याची खूण दिसली म्हणून तो लेथवर चढवायचा नाही. रोटर-स्टेटरमधली गॅप मिलिमीटरच्या दोन-चार दशांशाचीच असते. ती वाढली की मोटर लोडशिवायच जास्त अँपिअर ओढते.
परत आल्यावर तिन्ही फेजचे ओहम सारखे हवेत, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) बॉडीशी निदान १ मेगाओहम. बेअरिंग बदलणार असाल तर आतल्या रिंगवरच पाइप टेकवून ठोका.