कॉमिकमधला वेताळ अजून का टिकलाय? माझं मत लिहितो, पटत नसेल तर भांडा

तापीकाठचा: परवा गप्पांत एकाने ठासून सांगितलं की सुपरहिरो सुरू झाला तो सुपरमॅनपासून. नाही भो. सुपरमॅन आला जून 1938 ला, आणि कॉमिक लेखक ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, अमेरिकेतल्या पेपरांत 17 फेब्रुवारी 1936 पासूनच चालू झालेला, अंगाला घट्ट बसणारा ड्रेस, मास्क आणि मास्कमधून बुबुळं न दिसणारे डोळे, हे त्याचं आधीचं. पण पहिला कोण यापेक्षा तो टिकला कशामुळे हे मला महत्त्वाचं वाटतं. माझ्या मते तो मरतो म्हणून टिकला. गोष्टीत 1536 मध्ये चाच्यांनी जहाज लुटलं, बापाला मारलं, पोरगा वाहत किनाऱ्याला लागला, बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की पोरगा तोच ड्रेस चढवतो, आपण वाचतो तो एकविसावा. लोकांना वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. उडता येत नाही, गोळी लागली की रक्त येतं. बाप थकला की रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरायला पोरगा जातो, तसंच आहे ते, म्हणून आपल्याकडे ते लगेच पोचलं.

चोपडेकर सर: भाऊ, एवढं खोल काही नाही त्यात. टाइम्सवाल्यांनी 1964 ला इंद्रजाल कॉमिक्स काढलं, मराठीतून दिलं, स्वस्तात दिलं, एक अंक दहा घरं फिरायचा. 1990 ला बंद पडलं आणि वेताळही गेला. तोवर हिंदी कॉमिकमधले नागराज आणि ध्रुव आलेच होते. माझ्या वर्गातल्या पोरांना वेताळ विचारा, कोरी तोंडं करतात. ज्याला तुम्ही टिकणं म्हणता ती आपल्या वयाच्या लोकांची आठवण आहे फक्त.

यावलची ताई: सर, मग ऑस्ट्रेलियाचं काय? तिथे फ्र्यू नावाची कंपनी 1948 पासून आजपर्यंत फँटम छापतेय, स्वीडनमध्ये 1950 पासून त्याचं स्वतंत्र कॉमिक आहे. तिथे कुठे इंद्रजाल होतं? आणि वेताळाची बायको डायना विसरू नका, ती त्याची वाट बघत खिडकीत बसलेली बाई नाही, युनोत नोकरी करते. त्यांचं लग्न 1977 ला लागलं, पुढे जुळी झाली. माणसं वाढतात, संसार पुढे सरकतो, म्हणून वाचक धरून राहतो.

सातपुड्याचा: मी पण लहानपणी अधाशासारखं वाचलंय, तरी आता टोचतं ते लिहितो. वेताळ राहतो ते जंगल काळ्या लोकांचं आणि त्यांना न्याय देणार कोण, तर गोरा, तोही एकवीस पिढ्या. हे आपल्याला परकं नाही. 1825 ला जेम्स आउट्रॅम या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच खानदेशात धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली, त्यांच्यासोबत शिकारी केल्या, आणि पुस्तकांत तो भिल्लांचा मित्र म्हणून राहिला. आणि याच भागात 1857 ला सेंधवा घाटात इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे भिल्ल पुढारी खाज्या नाईक, 1858 ची आंबापाणीची लढाई, त्यात लढलेल्या बाया, हे किती जणांना माहितीय? सातपुड्यातल्या पोराला मास्कवाला गोरा पाठ आणि आपला नाईक माहीत नाही, हे मला सहन होत नाही.

तापीकाठचा: दादा, खाज्या नाईकांचं अगदी खरं, ते प्रत्येक पोराला कळायलाच पाहिजे. पण फॉकवर थोडा अन्याय होतोय. गोष्टीतला बंगाला देश पुढे स्वतंत्र होतो, डॉ. लमांडा लुआगा हा काळा माणूस तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येतो आणि वेताळ त्याच्या पाठीशी उभा राहतो. साठच्या दशकात अमेरिकन कॉमिकमध्ये असा राष्ट्राध्यक्ष दाखवणं साधं नव्हतं.

सातपुड्याचा: पाठीशी म्हणजे काय ते पण लिहा ना भाऊ. जंगल पेट्रोलचा, म्हणजे जंगलात पहारा देणाऱ्या दलाचा, गुप्त कमांडर कोण? वेताळच. त्याला कुणी निवडून दिलंय? जवानांनी त्याचा चेहरा कधी बघितलेला नाही, तिजोरीत चिठ्ठी येते आणि हुकूम पाळायचा. निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष बसवला तरी जंगलाची चावी वेताळाच्या घरी, कवटीच्या गुहेतच ठेवली फॉकने. बापाकडून पोराकडे येणारी ती शपथ तुम्हाला भिडते, मलाही भिडायची, पण बापाकडून पोराकडे सत्ता पण येतेच की त्यात, आणि वेताळाचा जंगलातला दोस्त गुरन आणि त्याचे बांदर टोळीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राखणीलाच.

यावलची ताई: हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरातले जुने अंक काढते आज, गुरनला कुठे स्वतःचा निर्णय घेऊ दिलाय का ते बघते, सापडलं तर इथेच टाकते.