विल्किन्सनची कारकीर्द एका ड्रॉप गोलवरून जोखावी का?

अंधेरीकर (प्रश्न):

नमस्कार. जून 2025 मध्ये मुंबईत झालेले रग्बी प्रीमियर लीगचे सामने पाहिल्यापासून मी पंधरा जणांच्या रग्बी युनियनचे जुने सामने आवर्जून पाहू लागलो आहे. इंग्लंडचा फ्लाय-हाफ (आक्रमणाची सूत्रे हलवणारा दहा क्रमांकाचा खेळाडू) जॉनी विल्किन्सन याच्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. 22 नोव्हेंबर 2003 रोजी सिडनीत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळ संपायला अर्धा मिनिटही उरले नसताना, या डावखुऱ्या खेळाडूने उजव्या पायाने ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली तीन गुणांची किक) मारला आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 20-17 असे हरवले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याची आकडेवारी पाहताना दोन प्रश्न पडले. त्या सामन्यानंतर इंग्लंडच्या संघात तो थेट फेब्रुवारी 2007 मध्ये दिसतो, असे का? आणि इंग्लंडकडून 91 सामन्यांत 1,179 गुण मिळवणाऱ्या या बॅकच्या (मागच्या फळीतील खेळाडूच्या) नावावर केवळ 6 ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) असतील, तर त्याला थोर खेळाडू म्हणावे की अचूक किक मारणारा तज्ज्ञ?

ट्विकनहॅमवारी:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुखापती हे आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी त्यातच आहे. फ्लाय-हाफला बचावात शक्यतो जपले जाते, कारण प्रतिस्पर्धी संघाचे पुढच्या फळीतले धिप्पाड फॉरवर्ड मुद्दाम त्याच्याच अंगावर धावून जातात. विल्किन्सनने स्वतःला असे जपू दिले नाही. तो खांदा पुढे घालून, फ्लँकर या फॉरवर्डने करावे तसे टॅकल करत असे, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवून खाली पाडत असे, आणि त्याची किंमत त्याच्या मानेने व खांद्याने मोजली. विश्वचषकानंतर काही आठवड्यांतच मानेतील मज्जातंतूंची दुखापत बळावली आणि 2004 च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे दंड, गुडघा, जांघ आणि 2006 च्या नोव्हेंबरमध्ये मूत्रपिंड, अशी एकामागून एक दुखणी येत राहिली. मधल्या काळात, 2005 मध्ये, तो ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघासोबत न्यूझीलंडला जाऊन कसोटी सामने खेळला. इंग्लंडच्या जर्सीत मात्र 1,169 दिवस उतरला नाही.

3 फेब्रुवारी 2007 रोजी लंडनमधील ट्विकनहॅम मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध तो परतला तेव्हा त्याने ट्राय, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक), पेनल्टी (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी किक) आणि ड्रॉप गोल अशा चारही प्रकारांनी मिळून 27 गुण मिळवले. तो ट्राय देण्याजोगा होता का, यावर अजूनही वाद होतो, कारण त्याचा पाय आधीच रेषेबाहेर गेल्याचे चित्रफितीत दिसते. तरीही तीन वर्षे संघाबाहेर राहिलेल्या खेळाडूने असे पुनरागमन केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

ट्रायच्या संख्येबाबत माझे म्हणणे असे की दहा क्रमांकाच्या खेळाडूचे काम स्वतः ट्राय करण्यापेक्षा इतरांसाठी ट्रायची वाट मोकळी करण्याचे असते. सिडनीतल्या त्याच अंतिम सामन्यात मध्यंतरापूर्वी इंग्लंडचा एकमेव ट्राय झाला, तो पुन्हा पाहावा. लॉरेन्स डलालिओ बचाव फोडून पुढे घुसला, चेंडू विल्किन्सनकडे आला आणि त्याने नेमक्या क्षणी बाहेरच्या बाजूला दिलेल्या पासवर जेसन रॉबिन्सन कोपऱ्यात पोहोचला. नोंदवहीत तो ट्राय रॉबिन्सनचा आहे. शिवाय मध्यरेषेजवळूनही पेनल्टीवर तीन गुण वसूल करणारा खेळाडू समोर असला की बचाव करणाऱ्या संघाला नियमांच्या कडेकडेने खेळता येत नाही, चेंडू अडवून ठेवता येत नाही, आणि त्यातून इंग्लंडच्या इतर बॅकना जो वेग मिळे तो कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही.

मैदानी:

वरील विवेचनाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण एक तुलना टाळता येणार नाही. 2 जुलै 2005 रोजी वेलिंग्टनला लायन्सविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत न्यूझीलंडच्या डॅन कार्टरने 33 गुण मिळवले, आणि समोर विल्किन्सन खेळत होता. हाती चेंडू घेऊन बचाव फोडण्याची जी सहजता कार्टरकडे होती, ती विल्किन्सनकडे नव्हती. पुढे कार्टर 1,598 आंतरराष्ट्रीय गुणांपर्यंत पोहोचला आणि विल्किन्सन लायन्सच्या 67 गुणांसह 1,246 वर थांबला. निव्वळ आक्रमण हा निकष धरला, तर मी कार्टरलाच वरचे स्थान देईन.

तरीही विल्किन्सनची कारकीर्द 2003 मध्ये शिखरावर पोहोचून संपली असे मानणे मला अन्यायकारक वाटते. 1998 मध्ये अठराव्या वर्षी पदार्पण केल्यावर दोनच महिन्यांनी ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाकडून 76-0 असा पराभव त्याने मैदानावर उभे राहून सोसला. अपयशाच्या भीतीबद्दल आणि नैराश्याबद्दल तो नंतर जाहीरपणे बोलला आहे. तासन् तास चालणाऱ्या त्याच्या सरावामागे ही भीतीही होती. 2007 मध्ये त्याने इंग्लंडला पुन्हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेण्यात मोठा वाटा उचलला. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या 15-6 अशा त्या पराभवात इंग्लंडचे सहाही गुण त्याचे होते.

त्यानंतरचा तुलाँचा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1997 पासून न्यूकॅसल फाल्कन्सकडून खेळल्यावर 2009 मध्ये तो फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील या बंदराच्या शहरात गेला, तेव्हा अनेकांना ती निवृत्तीपूर्वीची विश्रांती वाटली होती. प्रत्यक्षात 2013 मध्ये डब्लिनला क्लेरमाँ या फ्रेंच क्लबचा 16-15 असा पराभव करून तुलाँने युरोपातील क्लबांचा हाइनेकन चषक जिंकला, आणि त्यांतले 11 गुण विल्किन्सनच्या पायाने आले. देशोदेशींचे नामवंत जमवलेल्या त्या संघात भाषा, सवयी आणि अहंकार वेगवेगळे असताना कर्णधार म्हणून त्याने जे साधले, ते गुणांच्या हिशेबात बसत नाही.

अंधेरीकर:

दोघांचेही मनापासून आभार. तुलाँच्या सामन्यांपैकी आधी कोणता पाहावा?

मैदानी:

24 मे 2014 चा, कार्डिफमध्ये सॅरसन्स या इंग्लिश क्लबविरुद्ध तुलाँने 23-6 असा जिंकलेला हाइनेकन चषकाचा अंतिम सामना. दुसऱ्या दिवशी विल्किन्सन पस्तीस वर्षांचा होणार होता. त्यानंतर आठवड्याने, 31 मे रोजी, कास्त्रविरुद्ध टॉप 14 या फ्रेंच क्लब-लीगचा अंतिम सामना 18-10 असा जिंकून त्याने खेळ सोडला. वर्षभरापूर्वी याच कास्त्रने याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तुलाँला हरवले होते, म्हणून कास्त्रविरुद्धचे हे दोन सामने क्रमाने पाहावेत. किकांपेक्षा त्याच्या टॅकलकडे लक्ष ठेवा.