मलाक्काला एक दिवस पुरतो का? (आमच्या घरच्या ग्रुपवरून)

दादा: आत्या, कामासाठी क्वालालंपूरला चाललोय, ही पण येतेय. शनिवार मोकळा आहे. मलाक्काला सकाळी जाऊन रात्री परत, जमेल ना? तू जाऊन आली आहेस म्हणून विचारतो.

आत्या: जमेल, पण कशाला? क्वालालंपूरच्या टीबीएस बसस्थानकावरून दोनेक तासांत मेलाका सेंट्रल, म्हणजे मलाक्काचं बसस्थानक. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी जोंकर स्ट्रीटला बाजार भरतो. तो सोडून निघायचं म्हणजे जत्रेला जाऊन पालखीच्या आधी घरी परतायचं. एक रात्र राहा.

दादा: यादी केलीय. लाल चौक, किल्ला, सजवलेली रिक्षा, फिरता मनोरा.

आत्या: मनोरा काट. रिक्षा लांबून बघून हस, गाणी एवढ्या मोठ्याने लावतात की विचारू नकोस. लाल चौकात डचांचं १७५३ चं चर्च आहे, तिथे फोटो काढा आणि नदी ओलांडा. खरं गाव पलीकडे आहे. किल्ल्याची तर एक वेस उरलीय फक्त. बाकीचा इंग्रजांनी पाडला.

चिनू: वेस बघायला एवढ्या लांब??

नाना: चिनू, १५१० ला पोर्तुगीज आल्बुकर्कने गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का. त्याच माणसाची ती वेस. नंतर १६४१ ला डच आले, १८२४ च्या तहाने इंग्रज.

आत्या: नाना, तू २०२४ ला जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या प्रदर्शनाला रांगेत उभा होतास ना? वेशीमागच्या टेकडीवर सेंट पॉलचं चर्च आहे, छप्पर नाही, नुसत्या भिंती. १५५३ मध्ये, गोव्याच्या आधी, फ्रान्सिस झेवियरला तिथे पुरलं होतं. काही महिन्यांनी शव बाहेर काढून गोव्याला पाठवलं. तो रिकामा खड्डा अजून जाळी लावून ठेवलाय. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आपण त्याची चांदीची पेटी बघतो, आणि इथे नुसता खड्डा. मी दहा मिनिटं तिथेच उभी होते.

नाना: हे माहीत नव्हतं.

आत्या: बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, त्याला उजवा हात नाही. झाड पडून तुटला म्हणे. आणि खऱ्या शवाचाही उजवा हात कोपरापासून कापून १६१४ मध्ये रोमला नेलेला. म्हणून लोक पुतळ्यापाशी जरा कुजबुजतात.

वहिनी: आत्या, मला खाण्याचं सांगा. माझं शाकाहाराचं कसं होणार?

आत्या: तुझ्यासाठीच बसलेय टाइप करत. पहिली गोष्ट, ब्लाचान. कोळंबीची आंबवलेली लगदी असते, आपल्या सुकटीच्या डब्याचा वास आठव. सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, ती बहुधा असतेच, भाजीतही असू शकते. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, 'तान्पा ब्लाचान' म्हणजे ब्लाचानशिवाय असं ठासून सांग. नासी लमाकचा भात नारळाच्या दुधातला, सुंदर, पण वर सुके मासे पेरतात. रोटी चनाई डाळीबरोबर मिळते, तीही आधी विचारून घे.

दादा: आणि आम्हा मासेखाऊंचं?

आत्या: पाटीवर 'कारी कपाला इकान' वाच. इकान म्हणजे मासा, कपाला म्हणजे डोकं. आपलं कपाळच ते. उपवासाला 'पुआसा', नवऱ्याला 'सुआमी'.

वहिनी: नवऱ्याला काय??

दादा: स्वामी. पाठ करून ठेव.

वहिनी: तिकीट रद्द होऊ शकतं अजून.

चिनू: 😂😂

आत्या: आता मुख्य. नदीपलीकडे जालान तुकांग अमास नावाची गल्ली आहे. तुकांग अमास म्हणजे सोनार. म्हणजे सोनारआळीच. तिथे १७८१ चं विनायगर मूर्तीचं देऊळ, आपला गणपती. ते बांधलं चिट्टी लोकांनी. सुलतानांच्या काळात तमिळ व्यापारी आले, तिथल्याच बायका केल्या, त्यांचे हे वंशज. घरात मलय बोलतात आणि धर्म हिंदू. त्याच रांगेत १७४८ ची मशीद. घुमट नाही, उतरत्या कौलांचं तीन टप्प्यांचं छप्पर, आणि मिनार पॅगोड्यासारखा. मी लांबून देऊळच समजले. अजून थोडं चाललं की सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग, चिनी देऊळ, उदबत्तीचा धूर नुसता. तिन्ही पायी करा, गुडघे झाकलेले कपडे घाला.

नाना: गणपतीला मोदक असतात का तिथे?

आत्या: देवळात मला दिसले नाहीत. पण बाजारात ओंदे-ओंदे घे. तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, आत गूळ, बाहेरून खोबरं. दाताखाली फुटली की गरम पाक. आणि पुतू पिरिंग, तांदळाच्या पिठीची वाफवलेली चकती, पोटात तोच गूळ. उकडीचा मोदक कळ्या न पाडता चपटा केला तर जे होईल ते. गार झाला की दगड, तिथेच उभ्याने खा. वहिनी, हे तुला चालेल.

वहिनी: गूळ माडाचा का?

आत्या: हो, गुला मेलाका. गुला म्हणजे गूळच, शब्दसुद्धा. चेंडोलवर ओततात, बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया. आणि गावाचं नाव म्हणे एका झाडावरून. परमेश्वर नावाचा राजपुत्र त्या झाडाखाली बसला होता, अशी कथा. झाड कुठलं, सांगा.

नाना: वड?

आत्या: आवळा. आमलक, मलाका.

चिनू: आवळा देऊन कोहळा काढला पोर्तुगीजांनी

नाना: 👏👏

दादा: पोर्तुगीज वस्ती अजून आहे ना समुद्राकडे?

आत्या: आहे, उजोंग पासीरला. क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज आणि मलय मिसळलेली बोली बोलणारी माणसं. डेबल म्हणजे झणझणीत करी, व्हिनेगर घातलेली, विंदालूची सख्खी बहीण. आणि सुगी केक. सुगी म्हणजे सूजी, आपला रवा. संध्याकाळी जा. २९ जूनच्या सुमारास असतास तर सां पेद्रोच्या सणाला सजवलेल्या होड्या दिसल्या असत्या.

दादा: व्हिसाचं?

आत्या: १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवस व्हिसा लागत नाही. नियम बदलले नाहीत ना ते निघण्याआधी बघ. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचायच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरावं लागतं.

वहिनी: हॉटेल नदीपलीकडचं बघू ना?

आत्या: पलीकडचंच. आणि येताना गुला मेलाकाच्या दोन कांड्या माझ्यासाठी. नानाला देऊ नका, साखर वाढलीय त्याची.

नाना: हा ग्रुप मी पण वाचतो.