‘संध्याकाळी लॉजवर गेलो’: मराठीत कसं लिहावं?

पानगळ:
आजोबांच्या १९७८च्या इंग्रजी डायरीचं मराठी करतेय, फक्त घरच्यांसाठी. एका शनिवारवर अडलेय. सकाळी चर्चमध्ये ‘फेलोशिप’. दुपारी मित्राच्या फियाटमधून गिरगाव ते माहीम ‘नॉस्टॅल्जिक ड्राइव्ह’, म्हणजे लहानपणी जिथे जिथे भाड्याने राहिले ती घरं रस्त्यावरूनच बघत जायचं. आणि मग ‘लॉज’. मी सरळ लिहिलं, ‘संध्याकाळी लॉजवर गेलो.’ आईने वाचलं आणि वही मिटून ठेवली.

कोपऱ्यावरचा:
आईचं चुकलं नाही! सगळा घोळ त्या ‘वर’चा आहे. आपण लॉजवर उतरतो ते मुक्कामाला, आणि कधीकधी… असो. आजोबा फ्रीमेसन असणार, म्हणजे त्या नावाच्या जुन्या, गुप्त विधींच्या बंधुसंघटनेचे सभासद. त्यांच्यात लॉज म्हणजे नुसती इमारत नव्हे, सभासदांची शाखा. ‘लॉजच्या सभेला गेलो’ लिहा, संशयाला जागा नाही.

मोडीवाचक:
मेसन म्हणजे मुळात पाथरवट. युरोपात मोठमोठी चर्चं बांधताना ते शेजारीच खोपटं उभारून दगड घडवत, ते लॉज. त्यामागचा जुना जर्मानिक शब्द पानांच्या मांडवाचा. हॉटेलातली ‘लॉबी’ही त्याच कुळातली. फारसीत मात्र फ्रीमेसनांच्या जागेला ‘फरामोशखाना’ म्हणतात, विसरण्याचं घर. आत पाहिलं ते आतच राहायचं. उत्तरेकडे लोक ‘जादूघर’ म्हणत. मराठीत असा झकास शब्द रुजला नाही याची मला खरंच चुटपुट लागते, कारण मुंबईत हे प्रकरण चांगलंच जुनं आहे. इथल्या लोकांना सभासद करून घेता यावं म्हणून जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज १८४३ मध्ये मुंबईतच काढलं. फोर्टातला फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे.

कोपऱ्यावरचा:
ड्राइव्हला ‘रपेट’ कसं वाटतं? शब्द घोड्याचा, पण फियाटला शोभेल.

पानगळ:
रपेट आवडला. पण ‘स्मरणरंजनाची रपेट’? सरकारी योजना वाटते.

मोडीवाचक:
वाटणारच. ‘स्मरणरंजन’मध्ये रंजन आहे, दुखणं नाही. नॉस्टॅल्जिया हे मुळात आजाराचं नाव. योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून ते घडवलं: नोस्टोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. घराची ओढ लागून माणूस खंगतो, तो रोग. माझं मत विचाराल तर विशेषण टाकूच नका. ‘जुनी घरं बघत माहीमपर्यंत गेलो’ एवढ्यात हुरहूर आलीच की.

नगरची:
मी मराठी ख्रिस्ती घरातली. बायबलात फेलोशिपला ‘सहभागिता’ आहे. उपासना संपताना आशीर्वादात ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ हे शब्द लहानपणापासून कानावर. पण चहा-बिस्किटं आणि गाणी असं जमायचं असेल तर आमच्याकडे कुणीही सहभागितेला जात नाही, सगळे ‘फेलोशिपला’ जातात. सगळे मिळून जेवले असतील तर ‘प्रीतिभोजन’ चालेल. आणि एक सांभाळा. चर्चच्या समुदायाला आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. ‘सकाळी मंडळीत होतो’ असं लिहिलंत तर बाकीचे विचारतील, आजी माहेरी होत्या का?

पानगळ:
आजोबांनी चर्चमधल्या आणि लॉजमधल्या, दोन्हीकडच्या माणसांना ‘ब्रदर’ लिहिलंय. दोन्हीकडे ‘बंधू’ करू?

नगरची:
चर्चमध्ये ‘बंधू’ करा, तिथे भगिनीही असतात. लॉजमध्ये ‘ब्रदर’च राहू द्या. तिथे ती हाक मारायची पद्धत आहे.

पानगळ:
झालं असं: ‘सकाळी चर्चमध्ये फेलोशिप. दुपारी लहानपणीची भाड्याची घरं बघत फियाटमधून माहीमपर्यंत रपेट. संध्याकाळी लॉजची सभा.’ आईला वाचून दाखवलं. लॉज पास झालं. पण म्हणते, माहीमचं घर भाड्याचं नव्हतं, पागडीचं होतं. आता तिथे अडलेय.