शब्दचर्चा : पगाराच्या मानाने कर्ज – गुणोत्तर, प्रमाण, पट की वाटा?

'डेट टू इन्कम रेशो'ला मराठीत काय म्हणावं? आमच्या पतसंस्थेच्या सभासदांसाठी एक टिपण लिहितोय. 'कर्ज-उत्पन्न गुणोत्तर' असं लिहून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे पगाराच्या मानाने कर्ज किती, असंच ना?" तिचं 'मानाने' माझ्या शब्दापेक्षा सरस आहे, पण मथळ्यात बसेना. 'प्रमाण' लिहावं तर शाळेतलं गणित आडवं येतं : दोन संख्यांची तुलना ते गुणोत्तर, दोन गुणोत्तरं समान असली की प्रमाण. तुम्ही काय लिहाल?

—

बोलण्यात मिठाचं प्रमाण, पावसाचं प्रमाण आपण म्हणतोच, तेव्हा 'प्रमाण' खुशाल लिहा. मला खटकतो तो 'कर्ज' हा शब्द. कर्ज म्हणजे डोक्यावर उरलेली सगळी रक्कम. कर्ज देणारा बहुतेकदा पाहतो तो दरमहाचा हप्ता. सूक्ष्मकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे जे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, त्यांतही हेच आहे : वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाची सगळी मासिक परतफेड मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नये. म्हणून मी दोन शब्द वापरतो. हप्त्याचा 'वाटा' आणि कर्जाची 'पट'.

माझंच उदाहरण देतो. दोन कार्डांची थकबाकी आणि गाडीचं कर्ज, सगळं १२ टक्क्यांच्या एकाच कर्जात वळतं करून घेतलं. एकूण ६,२०,००० रुपये. हातात येणारा पगार ४८,०००, हप्ता १९,२००. म्हणजे हप्त्याचा वाटा ४० टक्के, आणि कर्ज वर्षाच्या पगाराच्या १.०८ पट. वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही. वर्षाअखेरीस वाटा पाहिला तर तोच, ४० टक्के! फार खचलो होतो तेव्हा. मग बायकोने उतारा पुढे ठेवून उरलेलं कर्ज दाखवलं : साधारण ४,५५,०००. पट १.०८ वरून ०.७९ वर आली होती. पगार एक रुपयानेही वाढला नव्हता.

इथे मराठी क्रियापदं किती नेमकी आहेत पाहा. हप्ता आपण 'भरतो', कर्ज 'फेडतो', आणि शेवटी ते 'फिटतं'. वर्षभरात मी भरले २,३०,४००, त्यातले फिटले १,६५,००० च्या आसपास. मधले ६५ हजार व्याजाचे. 'इतके पैसे फेडले' असं सरसकट म्हटलं की हा फरक झाकला जातो, आणि फेडणाऱ्याला तोच तर कळायला हवा. संस्कृतात 'व्याज' म्हणजे निमित्त, सोंग, कपट. 'व्याजस्तुती'मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे.

—

'हप्ता' मूळचा फारसी, हफ्त म्हणजे सात. आठवड्याचा शब्द आपण महिन्याला लावला आणि कुणाला खटकतही नाही. तेव्हा 'प्रमाण'ची फार काळजी करू नका.

शेतकरी सभासद असतील तर 'बोजा' हा शब्द टिपणात जरूर घ्या. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढतो, तो उतरवूनही घ्यावा लागतो. आमच्याकडे कर्ज फिटलं होतं, पण बोजा तसाच राहिला. पुढच्या कर्जाच्या वेळी तलाठ्याकडे खेटे घालावे लागले. फिटल्यावर 'बेबाकी दाखला' लगेच मागून घ्या. बेबाकी म्हणजे बाकी नसणं. 'बेबाकपणे बोलणं' यातला 'बेबाक' वेगळा, तो निर्भीड. दोन्हींची गल्लत करू नये.

—

दोघांचेही आभार. 'गुणोत्तर' काढून टाकलं. मथळा आता 'पगाराच्या मानाने कर्ज' असाच ठेवतोय, खाली दोन ओळी : 'दरमहाच्या पगारात हप्त्यांचा वाटा किती?' आणि 'उरलेलं कर्ज वर्षाच्या पगाराच्या किती पट?' पगारापुढे 'हातात येणारा' हे दोन शब्दही घातले, कारण आमचे बरेच सभासद कपातीआधीचा आकडा धरतात. शेजारी दोन रकाने केलेत : 'भरले' आणि 'फिटले'. आईने दुसरा रकाना पाहून विचारलं, हा दर महिन्याला कोण भरून देणार? पतसंस्थेच्या उताऱ्यात मुद्दल आणि व्याज वेगळं छापून येतं, तेव्हा सभासदाला तो स्वतः भरता येईल. पहिल्या महिन्यात मी सोबत बसेन.